अकरा दिवसांची नाडी

पिळ्याला आत घेतलं तेव्हा शिपायांनी सगळ्यांत आधी त्याच्या पायजम्याची नाडी काढून घेतली. आतल्या माणसानं गळफास घेऊ नये म्हणून काढतात म्हणे. आता बघा, ज्याच्या बापजाद्यांनी चार गावांच्या विहिरींना दोर पुरवले, तो माणूस एका हातानं पायजमा सावरत जेलरपुढं उभा. एक शिपाई म्हणाला, "काय रे, दोरवाला ना तू? मग वळ की एखादी." सगळे पोट धरून हसले. पिळ्यानं ते मनावर घेतलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

तो आत गेला कशापायी, तर पाण्यापायी. त्या साली तळं दोन महिने आधीच खाली बसलं होतं. घायपाताची पानं पाण्यात कुजत घातल्याशिवाय वाख निघत नाही, आणि वाख नाही तर दोर नाही. तळ्याच्या पलीकडच्या बागवाल्यानं पंप लावला होता. त्याला उरलंसुरलं पाणी हवं होतं आणि कुजक्या पानांचा वास नको होता. एका सकाळी त्याच्या गड्यांनी पिळ्याच्या मोळ्या उपसून उन्हात फेकल्या. पिळ्यानं अवाक्षर न काढता पंपाचा पाइप पाण्यातून ओढला आणि मोळ्यांशेजारी पसरून ठेवला. "वाळू देत दोघं," एवढंच म्हणाला. बागवाल्याची ओळख वरपर्यंत. दुपारी गाडी आली आणि पिळ्याला घेऊन गेली.

पिळ्याची बायको, जिला सगळी वस्ती दोरवाली म्हणायची, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तालुक्याच्या तुरुंगाच्या फाटकाशी गेली. पायी दोन तासांची वाट. त्या दिवशी डबा आत गेला आणि रिकामा बाहेर आला. तिसऱ्या दिवशी शिपायानं तो हातात न घेताच सांगितलं, "सोडला त्याला. सकाळीच गेला."

"गेला तर घरी कसा आला नाही?"

"ते आम्ही काय सांगणार? घर कसं आहे त्यावर असतं ते." मागचे दोघे फिसकन हसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती मूग गिळून समोरच्या लिंबाखाली बसली. संध्याकाळपर्यंत फाटकाकडं बघत राहिली आणि भरला डबा घेऊन परत आली. पुढं रोज हेच बसणं. ऊन असं की डब्यातलं अन्न दुपारीच आंबायचं. ती ते कुत्र्याला घालायची, डबा फाटकाजवळच्या नळावर धुवायची, आणि शिपाई म्हणायचा, "नळ सरकारी आहे, बाई." तरी धुवायची.

अकराव्या दिवशी रात्री उशिरा पिळ्या घरी आला. उजवा हात डाव्या काखेत दाबलेला. दोरवालीच्या सासूनं, म्हणजे पिळ्याच्या आईनं, तो हात बाहेर काढायला लावला आणि कंदिलाशी धरला. मधली तीन बोटं वांग्यासारखी सुजलेली आणि भलत्याच दिशेला वळलेली होती. म्हातारीनं आयुष्यात पुष्कळ बघितलं होतं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"काय झालं?" दोरवालीनं विचारलं.

"चौथ्या दिवशी गज धरून म्हणालो, मला न्यायाधीशासमोर न्या. कायदा आहे म्हणतात तसा." पिळ्या थांबला. "शिपायानं गजावरच दांडकं मारलं. जेलर बघत होता. म्हणाला, आता वळ नाडी."

त्याच्या कपड्यांत उवा वळवळत होत्या. रक्ताचे डाग, घामाची पुटं. दोरवालीनं त्याला अंगणातच उभं करून सगळं उतरवलं आणि चुलीत घातलं. पायजम्याला नाडी होती, कमरेला तीन वेढे बसतील एवढी लांब. ती मात्र तिनं ओढून काढली आणि खुंटीला टांगली. दोरवाल्याच्या घरात दोर जाळत नाहीत, मग तो कुठूनही आलेला असो. आठवड्यानं शेळीचं दावं तुटलं, तेव्हा तिनं हाताला लागली ती नाडी शेळीच्या गळ्यात बांधली. त्या नाडीकडं ना तिनं नीट बघितलं ना सासूनं. बघायला मन जाग्यावर लागतं.

हाडं बसवणाऱ्यानं बोटं बसवली, पण उशीर झाला होता. ती वाकडीच राहिली. पिळ्या अंगणातल्या चाकाकडं पाठ करून बसायला लागला. सासूसुना दोघी मिळून दोर वळायच्या, एक चाक फिरवायची, दुसरी कमरेला वाख बांधून उलट्या पावली मागं मागं जायची. आणि पिळ्या भिंतीकडं बघत बसायचा. कोणी विचारलं, हात कसा मोडला, तर सांगायचा. ऐकणारा मान हलवायचा आणि निघताना दुसऱ्याला म्हणायचा, "तळ्यावर पडला असेल. तुरुंगात तर दोनच दिवस होता म्हणतात." हे पिळ्याच्या कानावर यायचं. हात मोडल्यापेक्षा ते त्याला जास्त लागायचं.

शेवटी दोरवालीनंच विषय काढला. "आपण त्यांच्यावर दावा लावायचा."

सासू म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"आपण शहाणे कधी होतो, आई?"

म्हातारी चाक फिरवायची थांबली. मग म्हणाली, "तेही खरंच."

वकीलबाईंची खोली तालुक्याला, शिंप्याच्या दुकानाच्या वर. खालच्या शिलाई यंत्राची खडखड पायांतून अंगात यायची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दावा दाखल केला, तुरुंगाच्या वहीची नक्कल मागवली आणि पुन्हा दोघांना बोलावलं.

"वहीत लिहिलंय, तिसऱ्या दिवशी सकाळी सोडला. सुटताना हात आधीच जखमी, तळ्यावर पडल्यामुळं. खाली तुमचा अंगठा आहे."

"अंगठा घेतला होता," पिळ्या म्हणाला. "कशावर ते कोण सांगतो?"

"अकरा दिवस आत होतात याला काय पुरावा? ते कपडे?"

"जाळले," दोरवाली म्हणाली.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. खालचं यंत्रही नेमकं तेव्हाच थांबलं. दोरवालीला वाटलं, आपल्याच हातानं आपण नवऱ्याचे अकरा दिवस चुलीत घातले.

"आणखी काहीच नव्हतं अंगावर?"

पिळ्यानं वाकडी बोटं मांडीवर चोळली. मग म्हणाला, "नाडी होती. मी वळलेली. आतल्या तरटाचे धागे काढून."

"कुठं आहे ती?"

दोरवालीचा चेहरा उतरला. "शेळीच्या गळ्यात," ती म्हणाली.

दोन तासांची वाट ती त्या दिवशी जवळजवळ पळत आली. शेळी गोठ्याच्या सावलीत निवांत रवंथ करत बसली होती, आणि गळ्यापासून लोंबणारं नाडीचं टोक चघळून चघळून भुस्कट झालेलं. शेळीला काय, पुरावा म्हटला काय आणि पाला म्हटला काय.

सासूनं ती नाडी सोडवली, धुतली नाही, नुसती झटकली, आणि उंबऱ्यात बसून बोटांत धरली. तिची नजर मंदावली होती, पण दोर बघायला तिला डोळे कधीच लागले नव्हते. ती एका टोकापासून हळूहळू निघाली. वीतभर गेल्यावर थांबली.

"अगं," ती म्हणाली, "यानं दिवसाची खूण घातलीय."

दिवसाची खूण म्हणजे काय, तर दोर वळणारा संध्याकाळी काम थांबवतो तिथं पिळात एक वेगळ्या रंगाचा धागा अडकवतो. एका लांब दोरावर दोघंतिघं कित्येक दिवस वळतात. पुढं कधी दोर तुटला, तर कोणाच्या हातचा, कोणत्या दिवसाचा ते कळावं. विहिरीत माणूस उतरलेला असतो. जबाबदारी कोणाची ते दोरानंच सांगायचं. पिळ्यानं तुरुंगातल्या नाडीलाही खुणा घातल्या होत्या, कांबळ्याच्या काठाच्या लाल धाग्याच्या. रोज वीतभर नाडी आणि एक लाल खूण.

"कशाला घातल्या हो?" दोरवालीनं विचारलं.

"कशाला म्हणजे?" पिळ्याला प्रश्नच कळला नाही. "दिवस संपला की घालतात."

सासूची बोटं चौथ्या खुणेशी आली आणि अडखळली. तिथं गाठ होती. त्यांच्या घरात दोराला गाठ मारत नसत, पेड उकलून सांधत. गाठीच्या पुढं पीळ उलटा होता. त्या घराचा दोर तीन पिढ्या उजव्या पिळाचा. डावा पीळ म्हातारी अंगणात येऊ द्यायची नाही. उलटसुलट पीळ सांधले तर ओझं पडताच एकमेकांना उकलतात, आणि मग खालचा माणूस गेलाच. म्हातारीनं तो डावा पीळ क्षणभर हातात धरला. बोटं तशीच शेवटापर्यंत नेली. खुणा नऊ भरल्या. दोन दिवस शेळीच्या पोटात गेले होते.

"तरट आणून दे," सासू जरा वेळानं हलकेच म्हणाली. "दोन दिवस मी जोडून देते. देवालाही कळणार नाही कोणाचा हात."

दोरवालीची नजर कोपऱ्यातल्या तरटाकडं गेली. खरं सांगायचं तर तिला मोह झाला. पण पिळ्या भिंतीकडचं तोंड वळवून म्हणाला, "आई, तुटका दोर आपण आजवर कोणाला सबंध म्हणून दिलाय?"

म्हातारीनं नाडी सुनेच्या हातात दिली.

कोर्ट सुरू झालं त्या दिवशी बाहेरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. वकीलबाईंनी त्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे तुमच्या नवऱ्याचं नाव. हे जेलरचं."

"आणि मधे काय लिहिलंय?"

"विरुद्ध."

दोरवालीला फारसं वाचता येत नव्हतं. तिनं तो मधला शब्द डोळे भरून बघून घेतला. एका बाजूला तिचा पिळ्या, दुसऱ्या बाजूला ज्याच्या फाटकाशी डबा धुवायची चोरी होती तो जेलर, आणि दोघांची नावं सारख्याच शाईची, सारख्याच उंचीची. आत पुकारा झाला तेव्हा पट्टेवाल्यानं जेलरला नुसत्या नावानं हाक मारली, पुढं साहेब नाही की राव नाही. न्यायाधीश आले तेव्हा जेलर सगळ्यांबरोबर ताडकन उठला. दोरवालीनं पिळ्याचा हात दाबला. असंही जगात असतं, हे तिला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

तिची साक्ष झाली. फाटक, डबा, नळ, सगळं सांगितलं. मग जेलरचा वकील उठला. माणूस गोड बोलणारा.

"बाई, तुम्ही म्हणता अकरा दिवस. या नाडीवर खुणा किती?"

"नऊ."

"मग दोन दिवस कुठं गेले?"

"शेळीनं खाल्ले."

सगळं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा भिंतीकडं तोंड करून हसला. दोरवालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं हातातला कठडा घट्ट धरला आणि हसू संपायची वाट बघितली. न्यायाधीश तेवढे हसले नव्हते. चष्म्यावरून तिच्याकडं बघत होते.

"शेळीनं खाल्ले हे तुम्ही आपण होऊन का सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"खाल्लेच तर काय सांगू, साहेब?"

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. पण जेलरचा वकील थांबणारा नव्हता. म्हणाला, "नाडी वळणारा हा, ओळखणारी याची बायको, खुणांचा अर्थ सांगणारी याची आई. सगळं घरचं. उद्या घरी बसून एकवीस खुणांची आणतील."

"मग बाहेरच्या दोरवाल्याला विचारू," न्यायाधीश म्हणाले. "तुमच्या माहितीत कोणी आहे?"

वकिलानं जेलरच्या कानाशी तोंड नेलं. दोघांच्या तोंडावर हसू आलं. त्यांनी सुचवलेलं नाव ऐकून दोरवालीनं सासूकडं बघितलं. तो पलीकडच्या वस्तीवरचा दोरवाला होता. वीस वर्षांपूर्वी त्याचा एक दोर विहिरीवर तुटला, आणि खूण बघून हा त्याच्याच हातचा असं सासूनं चारचौघांत सांगितलं. तेव्हापासून दोन घरांत पाण्याचा व्यवहार नव्हता. बाजारात तो यांच्या पालाकडं पाठ करून बसायचा.

"संपलं," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "तो मेला तरी आपल्या बाजूनं बोलायचा नाही."

सासू म्हणाली, "माणूस वाईटच आहे. पण दोरवाला चांगला आहे." ते शब्द तिच्या तोंडून वीस वर्षांत पहिल्यांदा निघाले असतील.

पुढच्या तारखेला तो आला. सुकलेला, काटक म्हातारा, तळहातांना वाखाचे घट्टे. पिळ्याच्या घरच्यांकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. न्यायाधीशांनी नाडी त्याच्या हातात देववली आणि यातून काय कळतं ते सांगा म्हणाले. त्याला आधी कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. कोर्टात पंखा फिरत होता, कोणी कागद चाळत होतं. म्हाताऱ्याची बोटं नाडीवरून गोगलगाईच्या चालीनं निघाली.

"हात याचा आहे," पिळ्याकडं न बघताच तो म्हणाला.

"कशावरून?"

"वीस वर्षं या हातानं माझं गिऱ्हाईक पळवलंय, साहेब. मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार?"

कोणी हसलं नाही. बोटं पुढं निघाली.

"तरटाचे धागे. एकदम काढलेले नाहीत, लपूनछपून दोनदोन काढलेत, म्हणून पेड पातळ. ही दिवसाची खूण. एक दिवस. ही दुसरी. दोन्ही दिवस हात निवांत आहे. ही तिसरी." तो थांबला. "या तिसऱ्या दिवशी हा माणूस चिडलेला होता. पीळ फार आवळलाय."

दोरवालीची मान झटकन पिळ्याकडं वळली. तिसऱ्या दिवशी शिपायांनी त्याला सांगितलं होतं, की तुझी बायको डबा आणायची बंद झाली. ते पिळ्यानं फक्त तिला सांगितलं होतं, आणि तिनं कोणालाच नाही.

"चौथी खूण. इथं..." म्हाताऱ्याची बोटं गाठीवर आली आणि तिथंच राहिली. त्यानं डोळे उघडले, नाडी उजेडाला धरली, पुन्हा मिटले. "हा माणूस गाठ मारत नाही. यांच्या घरात मारतच नाहीत, तेवढा माज आहे यांना. इथं मारलीय, तीही दातानं. इथून पुढं पीळ डावा. डाव्या हातानं वळलंय, टोक पायाच्या अंगठ्यात धरून. ही पाचवी खूण, आणि मधे फक्त बोटभर काम. त्या दिवशी ताप असणार. सहावा, सातवा, जरा जरा वाढलंय. हात शिकतोय." त्याचा आवाज खाली आला. "नव्या हाताला शिकायला आमच्यात वर्ष लागतं, साहेब. यानं पाच दिवसांत वळून दाखवलंय."

कागद चाळणाराही आता थांबला होता.

"खुणा नऊ. टोक जनावरानं चावलंय. खुणेचा धागा कांबळ्याच्या काठाचा दिसतो. ते कांबळं मिळालं तर नेमके दिवस मिळतील. दर खुणेला काठातून एक धागा जातो."

वकीलबाईंनी त्या कोठडीची कांबळी आधीच मागवलेली होती. तुरुंगानं बेफिकिरीनं आठ कांबळ्यांचं गाठोडं पाठवून दिलं होतं. फाटक्या कांबळ्यांत कोण काय शोधणार? म्हाताऱ्यानं एकेकाचा काठ नखानं चाचपला. सहाव्याशी थांबला. नाडीतला लाल धागा काठाशी लावून बघितला. मग काठावरच्या मोकळ्या जागा मोठ्यानं मोजायला लागला. दोरवाली त्याच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होती. नऊ झाले. दहा झाले.

"अकरा," म्हातारा म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जेलरच्या वकिलानं आणलेला साक्षीदार, तो नाडी टेबलावर हळू ठेवून जेलरकडं वळला. "साहेब," त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "हा हात तुम्ही मोडलात?"

साक्षीदारानं प्रश्न विचारायचा नसतो. पण न्यायाधीशांनी त्याला अडवलं नाही. ते जेलरच्या तोंडाकडं बघत राहिले. जेलरनं मान खाली घातली आणि टोपीची कड नीट करायला लागला.

दोरवाली त्या वीत वीत वळलेल्या नाडीकडं बघत होती. सोळा वर्षं ती या माणसाबरोबर नांदली होती. ताप, राग, शरम, दाताची गाठ, सगळं यानं त्या अंधारात नुसतं काम करता करता लिहून ठेवलं होतं, आणि आपण ते शेळीला बांधलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हा कोण माणूस आपल्या घरात राहतो, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

निकाल महिन्याभरानं लागला. भरपाई मिळाली, जेलर आणि दांडकं मारणारा शिपाई घरी बसले. पण पिळ्यानं वकीलबाईंना एकच वाक्य दोनदा वाचायला लावलं. अकरा दिवस बेकायदा डांबून ठेवलं आणि हात कोठडीत मोडला, असं कोर्टाला आढळून येतं. "हे आता खोडता येत नाही ना?" त्यानं विचारलं. "नाही," बाई म्हणाल्या. नाडी कोर्टाच्या कपाटात राहिली.

बाहेर पायरीवर पलीकडचा दोरवाला बसला होता. त्याला बोलावलं नव्हतं तरी निकाल ऐकायला आला होता. सासूनं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तो प्यायला, तांब्या परत दिला, आणि दोघंही एकमेकांशी काही न बोलता आपापल्या वाटेनं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरवाली अंगण झाडत होती. सासू येऊन चाकाशी बसली. "त्याला बोलाव," म्हणाली.

पिळ्या आला आणि लांबच उभा राहिला. "डाव्या चिमटीत आपला पीळ धरत नाही, आई. निसटतो. मी करून बघितलंय, तुम्ही झोपल्यावर."

"तुला कोणी विचारलं? वाख बांध कमरेला."

त्यानं वाख बांधला आणि डाव्या हातानं धागा काढून चाकाच्या आकड्याला लावला. म्हातारीनं दांडा धरला आणि चाक उलटं फिरवलं. तीन पिढ्यांत ते चाक त्या दिशेला फिरलं नव्हतं. कुरकुरलं, अडलं, लाकडाचा भुगा सांडला. तिनं दुसरा हात लावला आणि जोर केला. चाक फिरलं. पिळ्याच्या डाव्या चिमटीत धागा गोळा व्हायला लागला आणि तो उलट्या पावली मागं निघाला, एक पाऊल, दोन पावलं, अंगणाच्या टोकापर्यंत. दोरवाली केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली.

"विहिरीला आता सगळाच दोर डावा देऊ," चाक न थांबवता म्हातारी म्हणाली. "एकाच घरात एकच पीळ असला म्हणजे झालं."

दिवस मावळेपर्यंत तिघांनी काम केलं. काम थांबवताना पिळ्यानं बायकोकडं लाल धागा मागितला. तिनं आपल्या जुन्या कपड्याच्या काठातून एक ओढून दिला. वाकड्या बोटांच्या हातानं दोर धरून, शिकलेल्या हातानं त्यानं खूण घातली आणि अंगठ्यानं दाबून बघितली.

मग तो उठला, गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "शेळी लांब बांधलीय ना?"